मशीनवर शाफ्ट सरळ असतो

सकाळी ७:४०

रात्रभर लागलेला पाऊस अजून थांबलेला नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गल्लीच्या कडेनं पाणी वाहतंय. मामा कुलूप काढतात. शटर कमरेपर्यंत वर जातं आणि अडकतं. मग दोन्ही हात आणि खांदा लावावा लागतो.

दुकान १२ फूट रुंद, ४० फूट खोल. डाव्या भिंतीला लेथ. मधे व्हाइस. मागे बॅलन्सिंगचं मशीन. उजव्या कोपऱ्यात जुने शाफ्ट उभे करून ठेवलेत, साखळीनं एकत्र बांधून. मामा आधी टेस्टर घेऊन थ्री फेजच्या तिन्ही तारा बघतात. मग उदबत्ती.

गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय ५८. सोळाव्या वर्षी इथंच लेथवर उभे राहिले. गेली २१ वर्षं फक्त प्रोपेलर शाफ्ट. ट्रकचा, टेम्पोचा, वडापच्या जीपचा. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा हा फिरता पाइप. इंजिन गाडीच्या सांगाड्याला बांधलेलं, ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होणारा. मधला शाफ्ट दोन्ही टोकांना वाकला पाहिजे आणि वाकून फिरलाही पाहिजे.

मदतीला एकच पोरगा. १९ वर्षांचा, कागलहून एसटीनं येतो. आयटीआयचा फिटर. हजेरी ४५० रुपये. मामा त्याला बारक्या म्हणतात. तो ओल्या केसांनी आत येतो, छत्री लेथच्या मागे टांगतो आणि झाडू घेतो.

सकाळी ८:३०

पहिलं काम टेम्पोचं. शाफ्ट मालकानंच काढून आणलाय, पोत्यात गुंडाळून. एका टोकाचा क्रॉस गेलाय.

क्रॉस म्हणजे बेरजेच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. चार टोकं. प्रत्येक टोकावर एक वाटी, वाटीच्या आत उभ्या सुया. दोन टोकं शाफ्टाच्या कानात बसतात, दोन पलीकडच्या योकच्या कानात. सगळी ताकद या चार टोकांतून जाते.

बारक्या शाफ्ट व्हाइसमध्ये धरतो. पक्कडीनं लॉक काढतो. हातोडी उचलतो.

"थांब," मामा म्हणतात. "खूण कुठाय?"

बारक्या हातोडी खाली ठेवतो. पंच घेतो. योकवर एक ठिपका, शाफ्टावर त्याच्यासमोर दुसरा. पुढं सरकत्या जोडावरही दोन ठिपके.

"आधी खूण, मग हातोडी. किती येळा सांगायचं?"

शाफ्टाच्या दोन टोकांचे कान एका रेषेत असावे लागतात. सरकता जोड आतून दातेरी असतो. तो बाहेर काढून एक दात इकडं-तिकडं बसला, तर रेष मोडते. शाफ्ट दिसायला तसाच दिसतो, गाडीला लावला की थरथरतो.

वाटी ठोकून बाहेर येते. आतून सुया गळत नाहीत. तांबड्या पिठीत रुतून बसल्यात. मामा चिमटीत ती पिठी घेऊन मला दाखवतात. ग्रीस संपलं, लोखंड लोखंडावर घासलं, की ही पिठी होते. निपलवर चिखलाचा थर आहे. ग्रीसगन तिथं बरेच दिवस लागलेली नाही.

नवा क्रॉस ५२० रुपये. मजुरी ३००. टेम्पोवाला मजुरीत ५० कमी करायला बघतो. मामा मान हलवतात, निपल पुसतात आणि पिचकारी भरून ग्रीस फुकट मारतात.

सकाळी ९:४५

दाराशी हिरवी एमएम ५४० जीप उभी राहते. उंच. चाकं ३१ इंची. बॉनेट माझ्या छातीला लागतं. चालवणारा तिशीचा, गडहिंग्लजचा, घरचं खताचं दुकान. दर पावसाळ्यात तो आणि त्याचे मित्र आंबोलीच्या बाजूला चिखलाच्या वाटांवर गाड्या घेऊन जातात. त्यासाठी जीप ३ इंच वर केलीय. २ इंच नव्या पाट्यांनी, १ इंच, पाटे सांगाड्याला टांगणारं शॅकल लांब लावून.

"मामा, चाळीसला सुरू होतंय. साठला सगळी गाडी अंगावर येते. सीट थरथरते, आरसा थरथरतो."

"काय काय केलं?"

तो बोटांवर मोजतो. क्रॉसची जोडी बदलली, ११०० रुपये. शाफ्ट एका ठिकाणी बॅलन्स केला, ८००. दुसऱ्या ठिकाणी परत केला, आणखी ८००. चार चाकांचं बॅलन्सिंग, तेही ८००. दोन महिने गेले. थरथर तिथंच.

मामा हिशेब ऐकून घेतात. जीपखाली नुसते वाकून बघतात. हात लावत नाहीत.

"चहा घ्या पाव्हणं. मग जरा फिरून येऊ."

सकाळी १०:२०

निघण्याआधी बारक्या पुढचा शाफ्ट काढतो. दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट, पंधरा मिनिटं. फोर-बाय-फोर न लावताही चाकं हा शाफ्ट फिरवत राहतात. तो बाजूला ठेवला की दोनांतला एक संशय कमी.

तावडे हॉटेलवरून हायवेला लागतो. मामा पुढं बसलेत, तळवा गिअरच्या दांड्यावर. मी आणि बारक्या मागं. चाळीसला तळव्याखालून मुंग्या यायला लागतात. साठला पत्रा गुणगुणतो.

"रेस सोडा."

मालक पाय काढतो. गुणगुण पातळ होते.

"परत द्या."

परत येते. मामा हे चार वेळा करायला लावतात. शाफ्टाचा तोल गेलेला असता, तर साठला तो साठसारखाच हादरला असता, पाय रेसवर असो वा नसो. ही थरथर पायाबरोबर वाढते, पायाबरोबर उतरते.

बारक्याच्या मोबाइलवर कंप मोजायचं ॲप आहे. तो फोन सीटच्या लोखंडावर दाबून धरतो. पडद्यावर एक शेंडा सेकंदाला ६५-६६ वर उभा राहतो.

परत आल्यावर मामा खडूनं फरशीवर गणित मांडतात. ३१ इंची चाकाचा घेर २.४७ मीटर. साठच्या वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते. म्हणजे चाकाचे ४०४ फेरे. मालकानं मागं क्राऊन-पिनियन बदलताना दात मोजलेले आहेत, ८ आणि ३९. ४०४ ला ३९ नं गुणायचं, ८ नं भागायचं. शाफ्टाचे मिनिटाला १९७० फेरे. सेकंदाला ३३.

"तेहतीस आलं असतं तर तोल गेलेला म्हटलं असतं," मामा म्हणतात. "फेऱ्याला एकच धक्का. हे सहासष्ट हाय. फेऱ्याला दोन. दोन धक्के क्रॉस देतो. म्हंजे कोनाचं काम."

चाक फिरतं सेकंदाला जेमतेम सात वेळा. चाकांच्या बॅलन्सिंगला गेलेल्या ८०० रुपयांचा या थरथरीशी काही संबंध नव्हता.

सकाळी ११:१५

जीप आत घेतात. तिची जागा ठरलेली आहे. त्या फरशीवर चार चौकोन रंगवलेत, गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं पातळी बघून. चाकं बरोबर त्या चौकोनांवर.

मी विचारतो, जॅक लावून वर का घेत नाही, आत जायला सोपं पडेल. मामा नाही म्हणतात. जॅकवर घेतली की ॲक्सल लोंबतो, पाटे सुटतात, सगळे कोन बदलतात. गाडी रस्त्यावर जशी उभी असते, तशीच मोजायची. चारी चाकांवर वजन हवं. म्हणून पुठ्ठा अंथरून ते पाठीवर आत सरकतात. ५८ व्या वर्षी. बारक्या बॅटरी धरतो.

कोनमापक तळहाताएवढा. खाली लोहचुंबक, वर आकडे. किंमत १६०० रुपये. ज्यांच्याकडे मामा शिकले, ते मिस्त्री कंपासपेटीतला कोनमापक आणि ओळंबा वापरायचे. तो ओळंबा अजून खिळ्याला टांगलेला आहे.

पहिलं माप गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर. मागं झुकलेला, ३.१ अंश. दुसरं शाफ्टाच्या पाइपवर. उतार १३. तिसरं मागच्या ॲक्सलवरच्या पिनियनच्या फ्लँजवर. नाक वर उचललेलं, ८.८.

बारक्या खडूनं लिहितो: ३.१ — १३ — ८.८.

मग वजाबाकी. पुढच्या जॉइंटला कोन ९.९. मागच्या जॉइंटला ४.२.

मामा बाहेर येतात, पाठ झटकतात, त्या दोन आकड्यांवर बोट ठेवतात. हे दोन आकडे सारखे पाहिजेत. जॉइंट वाकून फिरला की पलीकडची गती एकसारखी राहत नाही. दर फेऱ्यात दोनदा पुढं पळते, दोनदा मागं रेंगाळते. १० अंशांना हा फरक दीड टक्का. म्हणजे १९७० फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट दर फेऱ्यात दोनदा १९४० च्या गतीवर उतरतो आणि दोनदा २००० वर चढतो. मागचा जॉइंट तेवढाच वाकलेला असला, तर तो नेमकी उलटी खोड करतो आणि हिशेब मिटतो. इथं मागचा जॉइंट ४.२ वरच आहे. पुढच्यानं केलेली खोड तो फेडू शकत नाही. उरलेली सगळी पिनियनच्या दातांवर, तिथून पाट्यांवर, तिथून सीटवर.

"नाक एवढं वर कुणी उचललं?"

मालक सांगतो. पाटे बसवताना एकानं सुचवलं होतं, उंच केल्यावर पिनियनचं तोंड शाफ्टाकडं वळवा. म्हणून ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे ४ अंशांच्या पाचरी घातल्या. लांब शॅकलनं आणखी अडीच अंश वर नेलं.

सल्ला खोटा नव्हता. तो दुसऱ्या शाफ्टासाठी होता. काही शाफ्टांना ट्रान्सफर केसकडं दोन क्रॉस जोडीनं असतात. ते दोघं आपसातच हिशेब मिटवतात. तिथं पिनियननं शाफ्टाकडं सरळ बघायचं असतं. या जीपला दोन टोकांना एक-एकच क्रॉस आहे. इथं पिनियननं शाफ्टाकडं न बघता ट्रान्सफर केसला समांतर राहायचं.

"पाचर काढली तर निम्मं काम होतंय," मामा म्हणतात. "वर शॅकलबी मूळचं घातलं तर पुरं. पण एक इंच जाईल."

मालक गप्प होतो. त्या एका इंचासाठी तो दोन महिने वाट बघत होता.

"पाचरच काढली तर?"

मामा परत खडू घेतात. पुढं ११, मागं साडेनऊ. उभ्या गाडीला चालून जाईल. पण रेस दिली की पाटे पिळवटतात, पिनियनचं नाक आणखी अंश-दोन अंश वर जातं. मग ११ आणि ८. शिवाय दगडांत एक चाक खाली लोंबलं, की शाफ्टाचा उतार आणखी वाढणार. योकचे कान एकमेकांना भिडायला लागले, की क्रॉस तुटतो, आणि तिथं गॅरेज नसतं.

मालक चाकांकडं बघतो, चिखलाच्या खुणांकडं बघतो. मग किल्ली मामांच्या हातात देतो आणि शॅकलची जोडी आणायला पावसात बाहेर पडतो.

दुपारी १२:४०

तेवढ्या वेळात ट्रकचा शाफ्ट. पाइपला दगड लागून पोचा पडलाय. दोघांनी मिळून लेथवर चढवावा लागतो. मामा वेल्डाचा जुना टाका लेथवर काढतात. योक सुटतो. नवा पाइप तेवढ्याच लांबीचा कापतात. योक ठोकून बसवतात, कान एका रेषेत, मग चार ठिकाणी टाके. एक वर, एक खाली, मग डावीकडं, मग उजवीकडं. एकाच बाजूनं टाकत गेलं तर तापलेला पाइप त्या बाजूला ओढला जातो. डायलचा काटा पाइपला टेकवून शाफ्ट हातानं फिरवतात. काटा जिथं उडतो तिथं हलकी हातोडी. परत फिरवतात. काटा शांत झाल्यावरच पुरा वेल्ड.

मग बॅलन्सिंगचं मशीन. जुनं घेतलेलं, साडेचार लाखांना. हप्ता अजून चालू आहे. शाफ्ट दोन स्टँडच्या मधे जातो. पत्र्याचं झाकण लावतात. मोटर चढते, आवाज वाढत जातो, बोलणं बंद होतं. पडद्यावर आकडा येतो: २८ ग्रॅम, आणि कुठल्या बाजूला ते. बारक्या पत्र्याची पट्टी कापतो, काट्यावर तोलतो, पाइपला चिकटवतो. परत फिरवतात. ३ ग्रॅम उरतात. मामा मान डोलावतात. पट्टी कायमची वेल्ड होते.

ट्रकचा शाफ्ट उतरल्यावर मामा जीपचा मागचा शाफ्टही मशीनवर घेतात. मोटर चढते. पडदा दाखवतो: ४ ग्रॅम.

"बघा. दोघांनी बॅलन्स केला, दोघांनीबी चांगला केला."

मग ते झाकणावर हात ठेवतात.

"मशीनवर शाफ्ट सरळ असतो. हितं त्याला कोनच न्हाई. गाडीखाली तो वाकडा असतो, हे मशीनला कसं कळायचं?"

मी ते वहीत लिहून घेतो. दोन महिने, ३५०० रुपये, आणि कुणीही चुकीचं काम केलं नव्हतं. प्रत्येकानं समोर आणून ठेवलेली वस्तू दुरुस्त केली. वस्तू मुळात बिघडलेली नव्हती.

दुपारी २:१०

डबे उघडतात. मामांची ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा. बारक्याकडं चपाती आणि बटाट्याची भाजी. मालक शॅकल घेऊन परतलाय, बुशसकट ९५० रुपये. त्यालाही भाकरीचा चतकोर मिळतो.

बारक्या म्हणतो, आयटीआयला हे होतं, हूक्स जॉइंट. चार मार्कांना आकृती यायची. रॉबर्ट हूक या सतराव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञाचं ते नाव.

"आकृती काढलीस. फिरवून बघितलास का?"

मामा हात धुतात. भंगारातून एक जुना जॉइंट काढतात. एक टोक व्हाइसच्या जबड्यात सैल धरतात, दुसरं ३० अंशांत वाकवतात. दोन्ही टोकांवर खडूची रेघ. दोन्हीकडं पुठ्ठ्याची चकती, अंश आखलेली. ही चकती त्यांनीच केव्हातरी करून ठेवलीय, कडा तेलानं काळ्या झाल्यात.

"फिरव. पंचेचाळीसवर आण."

बारक्या फिरवतो. पलीकडची रेघ ४१ वर थांबते.

"आता नव्वदला."

पलीकडची रेघही ९० वर. म्हणजे पहिल्या अर्ध्या टप्प्यात चार अंश मागं राहिली आणि दुसऱ्या अर्ध्या टप्प्यात ४९ धावून आली. हात एकसारखाच फिरत होता.

मग मामा दुसरा जॉइंट जोडतात, तेवढाच वाकवून, कान एका रेषेत ठेवून. बारक्या परत ४५ वर आणतो. शेवटच्या चकतीवर ४५. तो मागचं टोक थोडं सरळ करतो. रेघ सरकते. परत वाकवतो. परत जागेवर. जेवायचं राहून तो ते पाच-सहा वेळा करतो. मामा आपली भाकरी संपवतात, त्याला हाक मारत नाहीत.

दुपारी ३:००

जीपखाली काम सुरू. सांगाड्याला घोड्या लावतात, चाकं काढतात, ॲक्सलखाली जॅक. यू-बोल्टच्या नटांना आदल्या रात्री कुणी तेल पाजलेलं नाही, त्यामुळं पाना हलत नाही. पान्यावर तीन फुटी पाइप चढवतात. बारक्या पायानं जोर देतो. नट किंचाळून सुटतो.

पाचरी बाहेर येतात. ॲल्युमिनियमच्या, एक बाजू जाड, एक पातळ. दिसायला किरकोळ. जाड बाजूला पाट्यांचे वळ उठलेत. मामा त्या मालकाच्या हातात देतात, जपून ठेवा म्हणतात. पुढं दोन क्रॉसवाला शाफ्ट घातला, तर लागतील.

जुने यू-बोल्ट मामा परत लावत नाहीत. एकदा ताणून कसलेला यू-बोल्ट लांबतो, परत कसला तरी धरत नाही. नवे चार, ७२० रुपये. नट एकदम पूर्ण कसत नाहीत. चारी थोडे-थोडे, तिरपे, एक सोडून एक.

शॅकलचे बोल्ट मात्र हातानंच घट्ट करतात आणि सोडून देतात. ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर कसायचे. लोंबत्या पाट्यांवर कसले, तर खाली उतरल्यावर रबरी बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पावसाचं पाणी शटरखालून आत यायला लागतं. बारक्या पोतं लावतो. मामांचा शर्ट पाठीवर चिकटलाय, पावसानं की घामानं ते सांगता येत नाही.

सरकता जोड बसवताना बारक्या थांबतो. खुणेचे दोन बाण शोधतो, एकासमोर एक आणतो, मगच आत ढकलतो. मामा बघतात. काही बोलत नाहीत.

दुपारी ४:५०

जीप परत चार चौकोनांवर. मालकाला चालकाच्या जागी बसवतात, वजनासाठी. मागचं टोक दोन-चार वेळा दाबून सोडतात, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. मग शॅकल कसतात. मग पुठ्ठा.

या वेळी आत बारक्या जातो. मामा बाहेर उकिडवे बसतात, खडू घेऊन.

"ट्रान्सफर केस?"

"तीन पॉइंट एक."

"पाइप?"

"तेरा पॉइंट दोन."

मला वाटलं होतं उतार कमी होईल, गाडी एक इंच खाली आलीय. मामा समजावतात. गाडी इंचभर उतरली, पण पिनियनचं नाकही जवळजवळ तेवढंच खाली गेलं. शाफ्टाची दोन्ही टोकं मिळून उतरली. उतार तेराच राहिला.

"पिनियन?"

"दोन पॉइंट तीन."

पुढं १०.१. मागं १०.९. अंशाच्या आतला फरक, आणि तोही बरोबर बाजूला. रेस दिली की नाक थोडं उचलणार, म्हणून उभ्या गाडीत ते थोडं खालीच हवं.

बारक्या खालूनच विचारतो, "परत एकदा घेऊ?"

"घे."

तेच आकडे.

संध्याकाळी ५:३०

पुन्हा हायवे. वायपर चालू. चाळीस. मामांचा तळवा दांड्यावर. पन्नास. मी आरशाकडं बघतो. साठ. आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येतोय.

मालक रेस सोडतो, परत देतो, परत सोडतो. काहीच बदलत नाही. तो हसत नाही, बोलत नाही, फक्त सीटवर जरा मागं टेकून बसतो.

ऐंशीला बारीक गुणगुण येते. मामा ती लपवत नाहीत. दोन्ही कोन सारखे असले, तरी १० अंश मोठाच कोन. टोकांचा हिशेब मिटतो, पण मधला पाइप स्वतः तर कमी-जास्त गतीनंच फिरत असतो. ती थोडी धुसफूस राहणार. क्रॉसच्या सुयांनाही जास्त फिरावं लागणार. ऐंशीच्या वर नेहमी पळवू नका, महिन्याला ग्रीस मारा, चिखलातून आलात की लगेच मारा.

"उंच केलेल्या गाडीला येवढं करावंच लागतंय."

फोन सीटच्या लोखंडावर. ६६ वरचा शेंडा जवळपास सपाट.

संध्याकाळी ६:४०

पुढचा शाफ्ट परत चढला. मामा बिलबुक काढतात. यू-बोल्ट ७२०. ग्रीस ५०. मजुरी १५००. बेरीज २२७०.

दोन वेळची मापं, हायवेच्या दोन फेऱ्या, फरशीवरचं गणित, यांना बिलात ओळ नाही. मी विचारतो, का नाही. मामा पेन टेबलावर आडवं ठेवतात.

"लोक वस्तूचे पैसे देतात. क्रॉस दावला तर देतात, पट्टी दावली तर देतात. मापाचं काय दावायचं? मोजून 'काय झालं न्हाई' म्हटलं, तर त्याचे कोण देणार? म्हणून कुणी मोजत न्हाई."

"मग तुम्ही का मोजता?"

"न मोजता कापलं, की चुकतंय."

मालक २३०० देतो. ३० रुपये बारक्यासाठी. जाता-जाता विचारतो, पुढच्या वर्षी तो गेलेला इंच परत हवा असेल तर? मामा सांगतात, आधी शाफ्ट बदलू, दोन क्रॉसवाला करू, त्या पाचरी तवा घालू. खर्च किती ते आता सांगत नाहीत. गाडी परत मोजून सांगेन म्हणतात.

जीप निघण्याआधी एक काम राहिलेलं. बारक्या पिवळ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आत जातो. सांगाड्याच्या आतल्या बाजूला, चिखल पोचणार नाही अशा जागी, कापडानं पुसून लिहितो: ३.१ — १३.२ — २.३. खाली तारीख. दुकानाचं नाव नाही, नंबर नाही. पुढं ही जीप कुठल्या गावातल्या कुठल्या मिस्त्रीखाली जाईल, ते माहीत नाही. त्याला शाफ्टावर हात घालण्याआधी हे दिसेल.

संध्याकाळी ७:४०

दिवे एक सोडून सगळे बंद. मामा वही लिहितात. टेम्पो ८२०, ट्रक ४०५०, जीप २२७०. जमा ७१४०. खर्च: क्रॉस ४३०, पाइप १५५०, यू-बोल्ट ६००, हजेरी ४५०, चहा ८०. उरले ४०३०. त्यातून भाडं, वीज, वेल्डिंगचा गॅस आणि मशीनचा हप्ता.

दुसरी एक वही आहे, जाड पुठ्ठ्याची. त्यात पैसे नाहीत. गाडीचा प्रकार, आलेली तक्रार, आधीचे तीन आकडे, नंतरचे तीन आकडे. २१ वर्षांची. सुरुवातीची पानं ओळंब्यानं मोजलेली, तिथं अंश पुरे आहेत. कोनमापक आल्यापासून दशांश सुरू होतात.

मामा ती वही बारक्याकडं सरकवतात. आजपर्यंत त्यात फक्त त्यांचंच अक्षर आहे. बारक्या हात पँटला पुसतो, पेन घेतो, आणि उभ्यानंच लिहायला लागतो. पाचव्या आकड्याशी थांबतो.

"तेरा पॉइंट दोनच ना, मामा?"

"तूच मोजलास की."

तो लिहितो. आठची कागल गाडी गाठायची आहे. दोघं मिळून शटर ओढतात. ते कमरेपाशी अडकतं. बारक्या गुडघा लावतो.